फाइलचा ‘आकार’, व्हिडिओचा ‘दर्जा’ आणि डीव्हीडी ‘मारणं’

प्रश्न थोडक्यात असा. घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटांवरून डीव्हीडी कशा तयार कराव्यात, याची माहितीपत्रिका प्रश्नकर्ते मराठीत लिहीत आहेत. त्यात त्यांनी लिहिलं, ‘फाइलचा आकार कमी केला तर व्हिडिओची गुणवत्ता कमी होते.’ एकाने दुरुस्ती सुचवली की आकार म्हणजे आकृती, घाट. इथे ‘आकारमान’ हवं. दुसऱ्याला ‘गुणवत्ता’ खटकली. शिवाय ‘कॉम्प्रेस’ला ‘संपीडन’ म्हणावं का आणि ‘बर्न करणे’चं काय करावं, हेही त्यांनी विचारलं आहे.

‘आकारमान’ सुचवणाऱ्यांचं म्हणणं अगदीच वावगं नाही. शाळेत आपण घनता काढताना वस्तुमानाला आकारमानाने भागायचो, म्हणजे वस्तूने व्यापलेली जागा हा त्या शब्दाचा रूढ अर्थ आहेच. ‘आकार’ मात्र फार कामाचा गडी. तो गोल असतो, चौकोनी असतो, मूर्तीला येतो आणि विजेच्या बिलात ‘स्थिर आकार’ म्हणून पैसेही मागतो. पण मला वाटतं, भांडण या दोन शब्दांचं नाहीच. इंग्रजीतल्या ‘साइज’ या एका शब्दाखाली व्हिडिओच्या बाबतीत दोन निराळ्या गोष्टी येतात आणि मराठीत आपण ‘आकार’ लिहिलं काय, ‘आकारमान’ लिहिलं काय, तो घोळ तसाच उचलून आणतो.

पहिली गोष्ट म्हणजे फाइल डिस्कवर किती जागा व्यापते. दुसरी, चित्राची चौकट किती मोठी आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या (पाल ही आपल्याकडची टीव्ही-चित्राची पद्धत) डीव्हीडीत ही चौकट 720 बाय 576 ठिपक्यांची असते. आता ‘फाइलचं आकारमान कमी करा’ हे वाचून एखादा चौकट 352 बाय 288 वर आणेल, तास-दीड तास संगणक चालवेल आणि फाइल होती तेवढीच निघेल. कारण बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारे बिट, तोच ठेवला तर चौकट लहान केल्याने जागेत काही फरक पडत नाही. जागा ठरते दोनच गोष्टींनी: व्हिडिओ किती मिनिटांचा आहे आणि दर सेकंदाला किती बिट खर्च करायचे ठरवले आहेत. म्हणून पत्रिकेत मी सरळ ‘जागा’ लिहीन. बोलताना आपण तेच म्हणतो, ‘ही फाइल फार जागा खाते.’ चौकटीसाठी ‘मापं’ आणि वेळेसाठी ‘मिनिटं’ किंवा ‘लांबी’. ‘हेवी फाइल’ हा बोलीतला प्रयोगही मला आवडतो, फक्त छापील मजकुरात तो जरा सैल वाटतो.

‘बिटरेट’ला ‘बिट-दर’ म्हणावं, असं सुचवणारे भेटतात. हरकत काहीच नाही. उलट ‘दर’ हा शब्द इथे छान बसतो, कारण मराठीत तो भावही सांगतो आणि ‘प्रत्येक’ही सांगतो: दर सेकंदाला अमुक इतके. पण सॉफ्टवेअरच्या खिडकीत वाचकाला ‘बिटरेट’च दिसणार आहे. तेव्हा तोच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘दर सेकंदाला खर्च होणारे बिट’ असा खुलासा करावा.

या शब्दाबरोबर थोडं गणित दिलं तर पत्रिकेचा खरा उपयोग होईल. साध्या, एका थराच्या डिस्कवर 4.7 जीबी लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण 4.7 अब्ज बाइट. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे 37.6 अब्ज बिट. मेनू आणि इतर सटरफटर गोष्टींसाठी थोडी जागा सोडली, तर हिशेब इतका सोपा होतो की तोंडी करता येतो: 600 ला मिनिटांनी भागा, येईल तो बिटरेट, मेगाबिटमध्ये, आवाज धरून. दोन तासांना 5. दीड तासाला साधारण 6.7. तीन तासांची कॅसेट एकाच डिस्कवर कोंबायची तर 3.3. एका तासाला उत्तर 10 येतं, पण डीव्हीडीच्या नियमांत चित्रासाठी 9.8 च्या पुढे जाताच येत नाही आणि घरी लिहिलेल्या डिस्क त्या टोकाला काही प्लेअरवर अडखळतात. अशा वेळी 8 वर थांबावं. डिस्कचा पाचवा हिस्सा रिकामा राहील, राहू दे.

इथे एक फाटा. ‘4.7 जीबीची म्हणून आणली आणि संगणकात 4.38 च दिसते’ ही तक्रार फार जुनी आहे. डिस्कवाले जीबी हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या पटीत. बाइट तेवढेच असतात, ‘जीबी’ शब्दाचे अर्थ मात्र दोन. आपल्याकडे पूर्वी कच्चा शेर आणि पक्का शेर वेगळे असत, तसाच हा प्रकार. माझ्या हाती असतं तर ‘कच्चा जीबी, पक्का जीबी’ रूढ केलं असतं! तूर्त पत्रिकेत एवढं लिहा की संगणकात दिसणारी फाइल 4.3 च्या आत ठेवावी.

आता ‘गुणवत्ता’. शब्द चुकीचा नाही, पण कानाला तो दहावीच्या गुणवत्ता यादीजवळचा लागतो. माणसाच्या अंगची कर्तबगारी त्यात जास्त आहे. ‘दर्जा’ मूळचा अरबी, पायरी सांगणारा, फारसीवाटे आपल्याकडे आलेला. त्यामुळे तो घसरतो, उंचावतो, राखता येतो. बिटरेट कमी केल्यावर चित्राचं जे होतं त्याला ‘दर्जा घसरतो’ हे चपखल आहे. मात्र नेमकं काय बिघडतं ते सांगायचं असेल, तर लोकांच्या तोंडी आणखी नेमका शब्द आहे: चित्र ‘फुटतं’. ‘पिक्सल फुटले’, ‘फोटो फुटतोय’ हे फ्लेक्सवाल्यापासून लग्नाचं शूटिंग करणाऱ्यापर्यंत सगळे म्हणतात. डीव्हीडीतला एमपीईजी-2, म्हणजे व्हिडिओ कमी जागेत बसवण्याची पद्धत, चित्राचे लहान लहान चौकोनी तुकडे पाडून काम करतो. बिट अपुरे पडले की ते चौकोन डोळ्यांना वेगवेगळे दिसायला लागतात, म्हणजे चित्र शब्दशः फुटलेलं असतं. असा शब्द कोशात बसून सुचला नसता.

आणि ते कुठे फुटतं? एमपीईजी-2 प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं त्याची नोंद, अशी त्याची रीत. भटजी शांतपणे मंत्र म्हणताहेत, मागे पडदा आहे, हे दृश्य फार थोड्या बिटांत भागतं. पण शेवटचं मंगलाष्टक संपतं, अक्षता पडतात, फ्लॅश उडतात, मुंडावळ्या हलतात, आणि चौकटीतला जवळपास प्रत्येक ठिपका बदलतो. म्हणजे लोक जे दृश्य पुन्हापुन्हा लावून बघणार, नेमकं तेच फुटतं. व्हीएचएसवर तर जुन्या फितीची मुंगीमुंगी असते. ती माणसाला कचरा दिसते, पण एन्कोडरला (व्हिडिओ या पद्धतीत बसवणाऱ्या सॉफ्टवेअरला) हालचाल वाटते आणि तो तिच्यावरही बिट उधळतो. म्हणून आधी मुंग्या थोड्या कमी करणारा फिल्टर लावला, तर तेवढ्याच जागेत चित्र चांगलं येतं.

यावर दोन शब्द पत्रिकेत लागतील. ‘व्हेरिएबल बिटरेट’ला ‘कमीजास्त बिटरेट’ पुरे. ‘टू पास’ला ‘दोन फेऱ्या’ म्हणावं: पहिल्या फेरीत कुठे किती बिट लागतील ते पाहून ठेवायचं, दुसऱ्या फेरीत तसे वाटायचे. वेळ दुप्पट जातो, पण तीन तासांच्या कॅसेटीला दुसरा चांगला उपाय नाही. अर्थात, आहे एक: दोन डिस्क करा. सीमांतपूजन ते मंगलाष्टकं पहिलीवर, पंगती आणि रिसेप्शन दुसरीवर. दुसरी पुढे फार कोणी लावत नाही, तेव्हा तिच्यात काटकसर चालते.

चौकट लहान करण्याचा उपयोग असतो तो इथे. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम 240 रेषांचा असतो, त्यामुळे 720 ऐवजी 352 बाय 576 हे माप घेतलं तरी फारसं काही हरवत नाही. डीव्हीडीच्या नियमांत ते बसतं. बिटरेट तोच, पण वाटणी निम्म्या ठिपक्यांत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जास्त. तेव्हा वाक्य असं व्हावं: ‘जागा कमी करायची तर बिटरेट उतरवावा लागतो, बिटरेट फार उतरवला तर चित्र फुटतं, ते फुटू नये म्हणून चौकटीची मापं कमी करावीत.’ मूळ एका वाक्याची तीन झाली, पण वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळेल. आवाजाचंही एक वाक्य घाला. पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, निवडला तर एकटा आवाजच सेकंदाला दीड मेगाबिट खातो. 3.3 मधला तो जवळपास निम्मा हिस्सा झाला. एसी-3, म्हणजे गाळून कमी केलेला आवाज, ठेवला तर 0.2 मध्ये भागतं.

‘कॉम्प्रेस’साठी ‘संपीडन’ परिभाषेत आहे, पण त्यात पीडाच जास्त ऐकू येते. माझी सूचना वेगळी आहे. झिप फाइलसाठी ‘दाबणं’ ठीक, कारण तिथे काही टाकलं जात नाही. उघडली की सगळं जसंच्या तसं बाहेर येतं. व्हिडिओचं तसं नाही. मिनीडीव्ही कॅमेऱ्याची एका तासाची फीत संगणकात घेतली तर सुमारे 13 जीबी होते आणि डीव्हीडीसाठी ती तीन-साडेतीन जीबीवर येते. मधला मजकूर गाळलेला असतो आणि तो परत मिळत नाही. मराठीत याला जुना शब्द आहे: संक्षेप. संक्षिप्त आवृत्तीवरून कोणी मूळ ग्रंथ पुन्हा उभा करू शकत नाही. म्हणून ‘मूळ फाइल जपून ठेवा, संक्षेपाचा पुन्हा संक्षेप करू नका’ असं लिहिलं की वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

ओघात आणखी एक शब्द. ‘प्रत’ म्हणजे नक्कल आणि ‘प्रत’ म्हणजे दर्जाही: उच्च प्रतीचा तांदूळ, शेतमालाची प्रतवारी. डीव्हीडीची एखादी प्रत कोणत्या प्रतीची आहे, असा प्रश्न मराठीतच विचारता येतो. तरी पत्रिकेत हा शब्द एकाच अर्थाने वापरा, नाहीतर ‘प्रत चांगली काढा’ यावर पुन्हा चर्चा सुरू होईल.

राहिलं ‘बर्न’. ‘जाळणे’ नको, जाळलेलं काही उरत नाही. ‘भाजणे’ त्यामानाने फार बरं. विटा भाजतात, मडकी भाजतात, उष्णतेने कच्च्याचं कायमचं पक्कं होतं. कोऱ्या डीव्हीडी-आरमध्ये तेच घडतं. लाल लेझरच्या उष्णतेने आतल्या रंगद्रव्याचा थर जागोजागी कायमचा बदलतो. पण ‘डीव्हीडी भाजा’ असं वाचून लोक हसतील आणि पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कला तो शब्द लागूही पडत नाही, कारण तिच्यात मिश्रधातूची अवस्था बदलते आणि पुन्हा पूर्ववत करता येते. ‘डीव्हीडीवर लिहा’ म्हटलं तर वाचक मार्कर शोधेल. ‘मारणे’ खास आपलं आहे. शिक्का मारतो, प्रिंट मारतो, तशी ‘एक सीडी मारून दे’. मला ते प्रिय आहे, पण पत्रिकेत शोभणार नाही. आपल्याकडे त्या यंत्राचं नाव ‘रायटर’ असंच पडलं, तेव्हा ‘डीव्हीडी राइट करणे’ हेच ठेवा. जिथे क्रिया कॅसेटीच्या बाजूने सांगायची आहे तिथे ‘उतरवून घेणे’ लिहा: कॅसेट संगणकावर उतरवून घ्या, मग डीव्हीडी राइट करा. कंपनीच्या सिनेमाच्या डिस्क राइट केलेल्या नसतात, साच्यावर दाबून काढलेल्या असतात. त्यांना ‘छापील डिस्क’ म्हणता येईल.

‘फायनलाइझ’, म्हणजे राइट झालेली डिस्क इतर प्लेअरवर लागेल अशी शेवटी पक्की करणं, मात्र भाषांतरित करू नका. दुकानात त्याला ‘डिस्क क्लोज करणे’ म्हणत. तुम्ही ‘डिस्क बंद करा’ लिहिलंत, तर कोणीतरी प्लेअरचं बटण बंद करेल, डिस्क अर्धवट राहील आणि मामांच्या घरच्या प्लेअरवर ती लागणारच नाही.