१८७१ मध्ये टीव्ही कुठून आला?

प्रश्न: पीटर वॉटकिन्सचा 'ला कम्यून (पॅरिस, १८७१)' हा सिनेमा बघायला बसलो तर चक्क टीव्ही रिपोर्टर माइक घेऊन गर्दीत हिंडतायत! पुढे तर नट मध्येच आपली भूमिका सोडून आजच्या फ्रान्सवर बोलायला लागतात. ही डॉक्युमेंटरी की फिक्शन? आणि पावणेसहा तास कशासाठी?

उत्तर: टीव्ही नव्हता हो, पण फोटोचा कॅमेरा होता, आणि खरी गंमत तिथेच आहे. १८ मार्च ते २८ मे १८७१ पॅरिस शहर कम्यूनच्या, म्हणजे बंड करून उठलेल्या पॅरिसकरांच्या ताब्यात होतं, मग शहराबाहेर व्हर्सायला बसलेल्या फ्रेंच सरकारच्या फौजेने ते बंड चिरडलं, आणि त्यानंतर आपेर नावाच्या फोटोग्राफरने भाड्याचे नट उभे करून, फोटोत त्यांच्या धडावर खऱ्या माणसांची डोकी चिकटवून 'कम्यूनचे गुन्हे' अशी फोटोंची मालिकाच विकायला काढली. म्हणजे बनावट पुरावा तेव्हाही बाजारात होताच! कम्यूनच्या शेवटच्या आठवड्यात किती माणसं मारली गेली यावर तर इतिहासकारांचं अजून एकमत नाही, कुणी सहा-सात हजार म्हणतं, कुणी वीस हजार.

वॉटकिन्सने हेच टीव्हीच्या रूपात दाखवलंय. एक व्हर्सायचं चॅनल, इस्त्री केलेल्या कपड्यातलं, शांतपणे सरकारी बाजू वाचणारं, आणि दुसरं कम्यूनचं, रस्त्यावर धक्के खात फिरणारं. पण हे दुसरं आपल्या बाजूचं म्हणून त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असंही तो म्हणत नाही, हे मला फार आवडलं.

डॉक्युमेंटरी तर नाहीच, पण नेहमीचं फिक्शनही नाही. शूटिंग १९९९ मध्ये पॅरिसला लागून असलेल्या मोंत्रईच्या एका बंद कारखान्यात झालं, दोनशेहून जास्त लोक, त्यातले बरेचसे आयुष्यात कधी अभिनय न केलेले, आणि आपापल्या पात्राचा अभ्यास त्यांनी स्वतःच करायचा होता. कम्यूनविरोधी भूमिकांसाठी तर मुद्दाम तशाच विचारांची माणसं शोधली होती. त्यामुळे ती आजच्यावर घसरतात तेव्हा तो सीन बिघडलेला नसतो, त्यांना बोलू द्यायचं हाच बेत होता आणि वेळही त्यातच जातो.

कंटाळा येतो का? येतो ना. पडद्यावरच्या लांबलचक पाट्या कधीकधी मास्तरकी वाटतात, त्या थोड्या कमी चालल्या असत्या. दोन बैठकीत बघा, पण बायका घोळक्याने बसून कामाबद्दल, हक्कांबद्दल वाद घालतात तो भाग मात्र फॉरवर्ड करू नका.