पोळी का थुंकतो, ते आधी बघ

नाशिकहून एका आईचं पत्र आलंय. चार वर्षांच्या मुलाचे दात किडलेत. ती ऑफिसला गेली की सासूबाई त्याला बिस्किटं, चॉकलेटं देतात आणि काही बोललं तर म्हणतात, "दुधाचे दात, पडणारच आहेत." त्यांना कसं समजावू, असं ती विचारते.

अगं, दोन पानं तू सासूबाईंवर लिहिलीस आणि पोराच्या वाट्याला एक ओळ आली : "हल्ली फार हट्टी झालाय, पोळी थुंकतो, घास गालात धरून बसतो, नुसता वरणभात मागतो." ती ओळ वाचून माझ्या पोटात कालवलं. त्याची दाढ दुखतेय गं! एवढंसं पोर ठणका कुठे आहे ते नीट सांगू शकत नाही. ते चावायचंच सोडतं, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

सासूबाईंचं चुकतंय, ते खरंच. पुढचे दुधाचे दात सहा-सातव्या वर्षी पडू लागतात, पण दुधाच्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत लागतात. तोवर हे पोर काय वरणभातावर काढणार? कीड आत मुळापर्यंत गेली तर हिरडीला गळू होतं, ताप येतो.

पण वरचे पुढचे चारही दात तपकिरी झालेत आणि खालचे शाबूत आहेत, असंही तू सांगतेस. रात्री त्याला अजून साखर घातलेल्या दुधाची बाटली लागते, हेही. मग बिस्किटांच्या आधी त्या बाटलीकडे बघ. ती तोंडात धरून मूल झोपलं की दूध वरच्या दातांपाशी साचून राहतं. झोपेत लाळ कमी सुटते, ते धुतलं जात नाही. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते वाचतात. आणि रात्री त्याला झोपवतेस तू, सासूबाई नव्हेत.

उद्या अर्धी रजा टाक आणि त्याला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरकडे ने. सासूबाईंनाही बरोबर घे. डॉक्टर ती दाढ दाखवतील तेव्हा त्यांनाही बघू दे, तुला वेगळं समजवावं लागणार नाही. आज रात्रीपासून बाटली बंद. फारच रडला तर तिच्यात नुसतं पाणी. झोपण्याआधी फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन दात तूच घास, त्याच्यावर सोडू नकोस.

आणि दाढेवर उपचार होईपर्यंत पोळी वरणात कुस्करून दे. त्यावरून त्याला एक शब्दही बोलू नकोस.