मुलगा शाळेत असताना पिल्लू देऊन टाकू का?

मी मुलांचं समुपदेशन करते. पावसाळा सरत आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि विचारताना आवाज थोडा खाली आणते. ‘मॅडम, रस्त्यावरचं पिल्लू थोडे दिवस सांभाळायला घेतलं होतं. आता त्याला कायमचं घर मिळालंय. पण मुलाला इतका लळा लागलाय... तो शाळेत असताना देऊन टाकलं तर?’

उत्तर आधीच सांगते. नाही. का नाही, ते मला एका मुलीनं शिकवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका आईला मी ‘हरकत नाही’ म्हणाले होते. नवीन होते, रडणं टळलं म्हणजे त्रास टळला असं वाटायचं. मुलगी रडली नाही. ‘किती समजूतदार निघाली’ म्हणत आई पेढे घेऊन आली. दीड वर्षानं तीच आई परत आली. मुलगी शाळेतून आली की दप्तरही न काढता आधी आजीच्या खोलीत डोकावते, मग जिन्याखाली सायकल आहे ना ते बघते, आणि मगच जेवायला बसते. ते पेढे मी खाल्ले होते, हे अजून बोचतं.

यंदा नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडच्या एक बाई आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) जुलैच्या पावसात महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर, एका बंद टपरीखाली, सहाएक आठवड्यांचं पिल्लू सापडलं होतं. भटक्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या ओळखीच्या मुलीनं गळ घातली, ‘काकू, पंधरा दिवस ठेवा, तोवर घर शोधते.’ रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून नाव खारी. पंधरा दिवसांचे अडीच महिने झाले. फोन यायचे, ‘ब्रीड कोणतं?’ विचारायचे, ‘देशी’ म्हटलं की ठेवून द्यायचे. त्यात मादी. शेवटी मखमलाबादकडचं एक जोडपं तयार झालं. बाईंचं घर वन बीएचके, सासूबाईंना दमा; खारीला कायमचं ठेवायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. नऊ वर्षांच्या मुलाला तेवढं सांगायचं राहिलं होतं. त्याला आपण सोनू म्हणू.

‘शनिवारी सकाळची शाळा असते,’ बाई म्हणाल्या. ‘साडेनऊला ते लोक येतील, अकराला सोनू येतो. तेवढ्यात उरकतं.’

‘अकराला त्याला काय सांगणार?’

‘दार उघडं राहिलं, पळून गेली.’

‘मग तो तिला कुठे शोधायला जाईल?’

बाई काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. ती जिथे सापडली तिथेच पोरगा जाणार, हे दोघींनाही एकदमच कळलं. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून.

बराच वेळ पर्सची चेन पुढे-मागे करत होत्या. मग मी न विचारताच म्हणाल्या, ‘आमच्याकडे सर्जा होता. बैल. माझं माहेर निफाडकडचं. पोळा झाला, अंगावरचा गेरू पुरता गेला नव्हता, आणि आम्हा भावंडांना मामाकडे धाडलं. परत आलो तर गोठ्यात नुसतं दावं, खुंट्याला. कुणी काही बोललं नाही. आम्हीही विचारलं नाही.’

‘नंतर कधी विचारलंत?’

‘दादा गेले आता.’

माझा पिंड जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाच्या विचारांवर पोसलेला आहे, हे लपवत नाही. 1950च्या आसपास इंग्लंडमधल्या बऱ्याच रुग्णालयांत लहान मुलांना आई-वडील अगदी मोजक्या वेळीच भेटू शकत. कारण काय, तर आई भेटून गेली की मूल रडतं, एरवी शांत असतं. बोल्बी आणि त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी दाखवून दिलं की ती शांतता सावरल्याची नसते. मुलानं आशा सोडलेली असते. पुढे 1959 साली तिथल्या प्लॅट समितीनं आई-वडिलांना मुलांजवळ येऊ द्या, अशी शिफारस केली. बाईंना यातलं मी काहीच सांगितलं नाही. सर्जाचं दावं पुरेसं होतं.

पुढच्या वेळी सोनू आला, सोबत वडील. ते बाहेरच्या खुर्चीत बसून मला ऐकू येईल इतपत पुटपुटले, ‘कुत्र्यासाठी काउन्सेलिंग म्हणजे कमालच.’ सोनूला घरी सांगून चार दिवस झाले होते. रडून झालं होतं, एक ताट आपटून झालं होतं. मी तयारीत होते: तुला वाईट वाटतंय, राग येतोय, वगैरे. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

‘पण त्यांना कोण सांगणार?’

‘काय?’

‘कुकरची शिट्टी झाली की ती पलंगाखाली जाते. तेव्हा तिला ओढायचं नसतं. आपण पण खाली वाकून बसायचं असतं.’

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं या खोलीत बसून मी मुलांच्या विरहाबद्दल बोलत आले, आणि हा विरहाबद्दल बोलतच नव्हता. त्याच्याजवळ खारीची सगळी माहिती होती आणि ती द्यायला कुणी माणूसच नव्हतं. घरातले त्याला समजावत होते, डोक्यावरून हात फिरवत होते. त्याला मात्र चार्ज द्यायचा होता, बदली झालेला साहेब नव्या साहेबाला देतो तसा. मुलाला दुःखापासून वाचवण्याच्या नादात आपण त्याचं काम काढून घेतो, हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर जरा खूशही झाले.

कपाटातून दुरेघी वही काढून दिली. वर त्यानं लिहिलं, ‘खारी. मालकांसाठी.’ आठवड्यानं परत आणली. परवानगी घेऊन थोडं उतरवते: ‘पोळी आवडते, पण शिळी.’ ‘रात्री उठली तर शू असते, उगाच नाही.’ ‘घंटागाडीचं गाणं लागलं की भुंकते. गाडीवाल्या काकांवर नाही, गाण्यावर.’

आता विचारणाऱ्या सगळ्या आयांसाठी. पिल्लू घरी येईल त्याच दिवशी मुलाला सांगा की ते पाहुणं आहे. उशीर झाला असेल तर आज सांगा. पिल्लू जायच्या आधी निदान आठवडाभर तरी मुलाच्या हातात राहू द्या. ‘तुला दुसरं आणू’ हे म्हणू नका, कारण मुलाला दुसरं नको असतं. ‘पळून गेलं’ तर कधीच नको. नातेवाईक म्हणतील, ‘मग ठेवूनच घ्या की!’ ठेवता येत असेल तर जरूर ठेवा, पण केवळ निरोप टाळायला कुत्रं पाळू नये. आणि तुमच्या घरातली ती जागा पुढच्या पिल्लाला लागणार असते. गणपती विसर्जनाच्या वेळी मुलांना आपण मामाकडे पाठवत नाही, घाटावर घेऊन जातो. तेवढंच करायचं.

पिल्लाची काळजीही विचारली जाते: ‘तिला वाटेल ना आम्ही टाकलं?’ पहिले काही दिवस ती बावरेल, कदाचित जेवणार नाही. पण तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतचं वय पिल्लाला जगाची ओळख होण्याचं असतं. माणसाचा हात, मिक्सर, जिना, लहान मुलं यांची भीती तेव्हा मोडली की पुढची माणसंही तिला आपली वाटायला सोपं जातं. तो काळ खारीनं तुमच्याकडे काढला. तिच्या जडणघडणीतला मोठा वाटा तुमचा आहे. नव्या लोकांना आधी एक-दोनदा तुमच्याच घरी येऊ द्या. तिचं अंथरूण न धुता सोबत द्या, वास ओळखीचा राहतो. चार-पाच दिवसांचं नेहमीचं खाणं द्या, एकदम बदललं की पोट बिघडतं. लसीकरणाचं कार्ड द्या आणि नसबंदीचं बोलून घ्या. मग काही आठवडे भेटायला जाऊ नका. फोटो मागा, रोज नको. मुलाची झोप किंवा जेवण महिनाभर रुळावर आलं नाही तर मात्र कुणाला तरी दाखवा.

शनिवार बदलून रविवार केला. मी तिथे नव्हते, बाईंनी फोनवर सांगितलं. सोनूनं वही दिली, आपला जुना शाळेचा स्वेटर दिला, पट्टा स्वतः त्या काकांच्या हातात दिला. गाडी वळली आणि रडू कोसळलं ते बाईंना. ‘पार हमसून हमसून, मॅडम. सोनूनंच पाणी आणून दिलं.’ कुत्र्यासाठी काउन्सेलिंग म्हणणारे वडील म्हणे गच्चीवर टाकी बघायला गेले, ते अर्ध्या तासानं खाली आले.

आठेक दिवसांनी मखमलाबादहून सोनूसाठी फोन आला. वहीतलं सगळं जमलं होतं, कुकरसुद्धा. ‘फक्त ते घंटागाडीचं,’ काका म्हणाले, ‘आमच्याकडे सकाळी सातलाच येते. ही सगळी गल्ली उठवते. काय करायचं ते तू लिहिलंच नाहीस.’

‘काही नाही करायचं,’ सोनू म्हणाला. ‘गाडी गेली की ती थांबते.’