कांगारू म्हणजे 'मला माहीत नाही' हे खरं आहे का?

नाही. कुकने कांगारूकडे बोट दाखवून 'हे काय?' विचारलं, स्थानिक माणूस आपल्या भाषेत 'मला माहीत नाही' म्हणाला आणि तेच प्राण्याचं नाव झालं, असा तो किस्सा. पण तो मलाही शाळेत भूगोलाच्या सरांनी सांगितला होता आणि पुढे कित्येक वर्षं मी तो चारचौघांत रंगवून सांगत होतो, तेव्हा तुम्हाला हसायचा मला हक्क नाही.

जून १७७० मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकचं 'एंडेव्हर' जहाज ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळाच्या खडकांवर आदळलं. डागडुजीसाठी ते ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या आजच्या कुकटाउनपाशी जवळजवळ सात आठवडे अडकून पडलं. तिथल्या लोकांची भाषा गूगू यिमिथिर. त्यांच्याकडून ऐकलेला हा शब्द कुक आणि जहाजावरचा निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स या दोघांनीही रोजनिशीत लिहून ठेवला. मूळ उच्चार साधारण 'गङुरू'. (वर्णमालेत घोकलेला तो बिचारा ङ इथे एकदाचा कामी आला!) आणि हे नाव सरसकट सगळ्या कांगारूंचं नाही, त्यातल्या एका मोठ्या जातीचं आहे. बाकीच्यांना तिथे वेगळी नावं आहेत.

मग घोळ कुठे झाला? १८२० मध्ये फिलिप पार्कर किंग हा ब्रिटिश नौदल अधिकारी त्याच जागी गेला. त्याने विचारलं तर भलताच शब्द मिळाला, 'मिन्हा'च्या जवळ जाणारा. मिन्हा म्हणजे खायचा प्राणी, मांस. कोळीवाड्यात सुरमईकडे बोट दाखवून विचारलंत तर एखादी मावशी 'सुरमई' म्हणेल, दुसरी नुसतंच 'म्हावरं'. दोघीही बरोबरच. पण लोकांनी ठरवून टाकलं की कुकच फसला. शेवटी १९७० च्या दशकात जॉन हॅविलंड या भाषाअभ्यासकाने तिथल्या लोकांबरोबर काम केलं, तेव्हा गङुरू जागच्या जागी सापडला.

मला खरी गंमत वाटते ती सिडनीची. १७८८ मध्ये तिथे वसाहत करायला आलेले इंग्रज कुकचा हा शब्द घेऊन आले आणि स्थानिकांना ऐकवू लागले. पण सिडनी तिथून दोन हजार किलोमीटर दूर, भाषा पार वेगळी. त्यांच्याकडे कांगारूला 'पटगरांग' म्हणत. त्यांना वाटलं, 'कांगारू' हा इंग्रजीच शब्द असावा. वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की कोल्बी नावाच्या स्थानिक माणसाला जहाजातून आणलेल्या गाई दाखवल्या, तर त्याने विचारलं, 'हे कांगारू का?'

जाता जाता, इंग्रजीतला 'मंगूस' आपल्या मुंगसावरून गेलाय. तिथे मात्र कुणी 'मला माहीत नाही'चा किस्सा जोडलेला मी अजून ऐकलेला नाही.