‘फ्युचरामा’च्या शरीर-अदलाबदलीच्या भागातलं गणित खरं आहे का?

हो, अगदी खरं. ‘फ्युचरामा’ ही अमेरिकी विनोदी विज्ञानकथा अ‍ॅनिमेशन मालिका, आणि ‘द प्रिझनर ऑफ बेंडा’ हा तिचा 2010 चा भाग; त्यात एका यंत्राने पात्रांची मनं एकमेकांच्या शरीरांत जातात. तो लिहिणारे केन कीलर हार्वर्डचे उपयोजित गणितातले पीएचडी, आणि यातलं प्रमेय त्यांनी या कथेसाठीच सिद्ध केलं.

अडचण यंत्राच्या अटीत आहे. ज्या दोन शरीरांनी मनं एकदा बदलली, त्यांना आपसांत पुन्हा बदलता येत नाही. मग एकमेकांशी अदलाबदल करून बसलेल्या प्रोफेसर आणि एमी या पात्रांनी आपापल्या शरीरात परतायचं कसं? बाहेरचे दोघे घ्यायचे, भागात ते क्लाइड आणि बबलगम आहेत. कागदावर चार चौकोन काढून करून बघा, मजा येते:

आधी क्लाइडची एमीच्या शरीराशी अदलाबदल, मग बबलगमची प्रोफेसरच्या शरीराशी. आता प्रोफेसरचं मन क्लाइडकडे, एमीचं बबलगमकडे. मग क्लाइड आणि प्रोफेसरचं शरीर: प्रोफेसर घरी. बबलगम आणि एमीचं शरीर: एमीही घरी. उरले क्लाइड-बबलगम, एकमेकांच्या शरीरात. ते आपसांत अजून बदललेलेच नाहीत, म्हणून पाचव्या फेरीत तेही सुटतात!

माणसं कितीही असोत, गुंता कसाही असो, बाहेरचे दोघे पुरतात. गट सिद्धांताच्या (अशा अदलाबदलींचा अभ्यास करणाऱ्या गणिताच्या शाखेच्या) भाषेत, आधी गुंत्याची चक्रं पाडायची (पहिल्याचं मन दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं तिसऱ्याकडे, असं करत शेवटच्याचं पहिल्याकडे) आणि एकेक चक्र याच पद्धतीने सोडवायचं. पडद्यावर फळ्यावर दिसते ती सिद्धताही खरी आहे, तिथे व्हिडिओ थांबवून जरूर वाचा. विनोदी मालिकेत प्रेक्षकांवर इतका विश्वास टाकलेला मी क्वचितच पाहिलाय, म्हणून हा भाग मला फार आवडतो.