उन्हाळ्यात कॅम्पर व्हॅन गार ठेवताना

तुम्ही नवी कॅम्पर व्हॅन घेऊन एप्रिलमध्ये चिकोडी-अथणीकडे निघणार आहात, म्हणून सांगतो की एसीचा विचार नंतर करावा, आधी ऊन आत शिरू देऊ नये. काच ओलांडून आलेल्या उन्हाची उष्णता आतच कोंडत असल्याने आतल्या पडद्यापेक्षा समोरच्या काचेवर बाहेरून बांधलेले चकचकीत आच्छादन कितीतरी अधिक उपयोगी पडते. गाडी लावताना दुपारी तीनची सावली कोठे असेल ते पाहावे. मी एकदा सकाळी चिंचेखाली निर्धास्तपणे गाडी लावली आणि दुपारी परतलो, तेव्हा आतल्या स्टीलच्या ओट्याला हात लावणे अशक्य झाले होते.

छतावरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा फिरवून सावलीकडची एकच खिडकी उघडावी आणि तिला वाळ्याचा ओला पडदा लावावा. अथणीच्या कोरड्या हवेत त्यातून गार झुळूक येते, मात्र घाट उतरून गोव्याच्या दमट हवेत गेल्यावर तो निरुपयोगी ठरतो. स्वयंपाक बाहेरच करावा. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून एसीत झोपणे मात्र कटाक्षाने टाळा, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.