लहान गावात लाकूडकाम करणाऱ्यांची मंडळी कशी तयार होते? सावंतवाडीची हकिकत

तुमचा प्रश्न असा आहे की एखाद्या लहान गावात लाकडावर कलाकुसर करणारी माणसं एकत्र कशी येतात आणि पुढे टिकतात कशी. तुम्हाला खरं उदाहरण हवंय, म्हणून माझ्या आजोळचं, सावंतवाडीचं सांगतो.

वर्गणी काढून, अध्यक्ष-सचिव नेमून सुरू झालेलं मंडळ इथे नव्हतं. होती ती एक आळी, चितारआळी. लाकूड रंगवणारे, नक्षी काढणारे ते चितारी, आणि त्यांची वस्ती म्हणून हे नाव. असे चितारी खाली गोव्यात कुंकळ्ळीलाही आहेत. सावंत भोसल्यांच्या संस्थानात त्यांच्या हाताला काम मिळालं: पाट, चौरंग, देव्हारे, पाळणे, पोरांची खेळणी आणि दरबारासाठी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. खेम सावंत तिसरे (1755 ते 1803) यांच्या काळात गंजिफा इथे बहरल्या असं मानतात.

लहानपणी मे महिन्यात मी तिथल्या एका काकांच्या पडवीत तासन्‌तास बसायचो. लाकडी फळं म्हणजे सावंतवाडीची ओळख, आणि ती मुख्यतः पांगाऱ्याची. शिमग्याच्या सुमारास लालभडक फुलतो तोच पांगारा. त्याचं लाकूड नरम, वाळलं की हातात कापसासारखं वाटतं. काका म्हणायचे, "पांगारो हलको असता. पोराच्या पायार पडलो तरी लागूचो नाय." गोल फळ चाकावर कातून चटकन होतं. आंब्याचं तसं नाही, कारण त्याला एका बाजूला चोच असते आणि चाक ती काढू शकत नाही. ती कानशीने, मग पॉलिशपेपरने, सारखी बोटं फिरवून बघत आणायची. रंगही आधी पिवळा, आणि देठाजवळ लाली इतकी पुसट की कुठे सुरू झाली ते कळू नये. काका तेवढ्या लालीसाठी फळ उजेडाकडे धरून तीन-चार वेळा फिरवायचे. लग्नाच्या रुखवतात ठेवलेली ती फळं खरी समजून उचलणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

खेळणी टिकली, कारण त्यांना गिऱ्हाईक होतं. कोकणातून मुंबईला परतणारा माणूस भातुकली नाहीतर फळांची परडी घेऊनच जायचा. गंजिफांचं मात्र वाईट झालं. कापडाला चिंचोक्याची खळ लावून ते ताठ करायचं, घोटून गुळगुळीत करायचं आणि मग एकेक पत्ता कुंचल्याने रंगवायचा. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी 12, म्हणजे 120 पत्ते. दिवसा खेळ रामाच्या पत्त्याने सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या. छापील पत्ते स्वस्तात मिळायला लागले आणि 120 चित्रं रंगवून घेणारा कोणी उरला नाही. पुढे संस्थानही विलीन झालं, दरबारचं काम थांबलं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथून पुढच्या भागात दिसतं. गंजिफा रंगवता येणारे पुंडलिक चितारी नावाचे एक वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी नुसतं कौतुक करून, मदत पाठवून विषय संपवला नाही. दोघं त्यांच्याकडून ही कला शिकली आणि मग त्यांनी दुसऱ्यांना शिकवली. 1971 मध्ये 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' हे या कलेचं केंद्र सुरू झालं आणि राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्येच कारागीर रंगवायला बसू लागले. एका राजघराण्यातल्या माणसांनी कारागिराकडे विद्यार्थी म्हणून बसावं, याचं मला आजही फार मोल वाटतं. ते त्या वेळी शिकले नसते तर खळ किती दाट हवी, कापड किती घोटायचं, हे सगळं त्या म्हाताऱ्या माणसाबरोबरच गेलं असतं. असल्या गोष्टी लिहून ठेवून कळत नाहीत, शेजारी बसूनच कळतात.

म्हणून मला वाटतं, अशी मंडळी दोन गोष्टींवर उभी राहते. गावात रोज विकली जाणारी एखादी साधी वस्तू हवी, म्हणजे चूल पेटते. आणि अवघड, कमी खपणारं काम जाणणाऱ्या माणसाकडे वेळेत कोणीतरी शिकायला जायला हवं. सावंतवाडीत पहिली गोष्ट चितारआळीने सांभाळली, दुसरी राजवाड्याने.

आता गंजिफांना आणि लाकडी वस्तूंना भौगोलिक मानांकनही मिळालंय. त्याचा आनंद आहेच, पण माझी काळजी वेगळी आहे. आळीतली बरीच तरुण मुलं नोकरीसाठी गोव्याला जातात, आणि दुकानांत प्लास्टिकचा बाहेरून आलेला मालही लाकडी खेळण्यांशेजारीच मांडलेला असतो.

कधी गेलात तर आधी राजवाड्यात जाऊन रंगवणाऱ्यांचे हात बघा, मग चितारआळीत या. दुकानात आंबा मागा आणि घेण्याआधी त्याच्या चोचीवरून अंगठा फिरवा. हाताने कानस मारली असेल तर दोन आंब्यांची चोच एकसारखी लागत नाही.